गाण्यांच्या मधलं संगीत : प्रकल्प नोंदी

१ जून २०२५

१९२९ साली आजच्याच तारखेला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. कामाला हात घालायला हा दिवस मुद्दाम धरला.

काम असं आहे. १९५०च्या दशकात कोल्हापुरात तयार झालेला एक ग्रामीण चित्रपट घ्यायचा आणि त्यातलं सगळं संगीत, श्रेयनामावलीपासून ‘समाप्त’पर्यंत, जागेनिशी नोंदवायचं. गाणी आलीच, पण खरा रोख गाण्यांच्या मधल्या संगीतावर. हक्क कुणाकडे आहेत याचा उलगडा होईपर्यंत चित्रपटाचं नाव इथे लिहीत नाही. हाताशी आहेत मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दोन तबकड्या, म्हणजे चार गाणी, आणि दोन चकत्यांची एक व्हीसीडी.

हे डोक्यात आलं ते दादाच्या कपाटामुळे. दादा म्हणजे माझा मामेभाऊ, राजारामपुरीत राहतो. परदेशी चित्रपटांच्या पार्श्वसंगीताच्या विस्तारित आवृत्त्या तो कित्येक वर्षं जमवतोय. इन्ट्राडा, ला-ला लँड, व्हारेज साराबांद या असल्या सीडी काढणाऱ्या कंपन्यांची नावं त्याच्या तोंडी रोजची. यातल्या बऱ्याच आवृत्त्या दोन-तीन हजार प्रतींच्याच निघतात, म्हणून घोषणा झाली की तो त्या रात्री जागा असतो. अमेरिकेत चित्रपटासाठी वाजवलेलं संगीत रेकॉर्डवर आणायचं तर वादकांना पुन्हा मोबदला द्यावा लागे. त्यामुळे एलपीच्या काळात दीड तासाच्या संगीतातलं अर्ध्या तासाच्या आसपास बाजारात यायचं आणि उरलेलं स्टुडिओच्या टेपांवर पडून राहायचं. ‘जॉज’ची १९७५ची एलपी तर रेकॉर्डसाठी वेगळी वाजवून घेतलेली होती. चित्रपटात प्रत्यक्ष ऐकू येतं ते ध्वनिमुद्रण २००० साली बाजारात आलं, आणि २०१५च्या इन्ट्राडाच्या दोन सीडींवर दोन्ही शेजारी शेजारी बसली. पंचवीस वर्षं लोक जे ऐकत होते ते चित्रपटातलं नव्हतंच.

आपल्याकडे गोष्ट वेगळी झाली. इथे रेकॉर्ड म्हणजे गाणी. ‘शोले’ची गाणी निघाली, चित्रपटात नसलेली कव्वालीसुद्धा रेकॉर्डवर आली, संवादांची स्वतंत्र एलपी निघाली आणि मांडवामांडवांत वाजली. राहुल देव बर्मन यांनी त्याच चित्रपटाला दिलेल्या पार्श्वसंगीताच्या वाट्याला असं काही आलं नाही. हिंदीतल्या एवढ्या मोठ्या चित्रपटाची ही कथा, तर कोल्हापुरात चौदा रिळांत बसवलेल्या चित्रपटाचं कोण बघणार? म्हणून मी बघतेय. टेप नाही, पण निदान यादी तरी झाली पाहिजे.

५ जून

पहिलीच अडचण वेगाची. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या (टीव्हीच्या, सेकंदाला २५ चौकटींच्या) व्हीसीडीवर तोच २५ने पळवलेला असतो. डोळ्याला कळत नाही, कानाला कळतं. शीर्षकसंगीत लावून पेटी जुळवायला बसले तर सूर काळी एकच्या बराच वर आणि पांढरी दोनला थोडा कमी. असा अधांतरी सूर कुठलाही वाद्यवृंद लावून बसत नाही. संगणकावर वेग ९६ टक्क्यांवर आणला आणि षड्ज नेमका काळी एकवर येऊन बसला. गायिकेचा आवाजसुद्धा आता बाईचा वाटतोय, आधी शाळकरी मुलीचा वाटत होता.

दादाला बजावून ठेवलंय की वेग आणि सूर एकत्रच उतरवायचे. नुसता सूर उतरवायची सोय असते, ती वापरली तर लय चढीच राहते आणि आपले सगळे काळ चुकीचे लिहिले जातात.

१५ जून

तबकड्या धुतल्या. मंगळवार पेठेत पूर्वी एक लाउडस्पीकर सर्व्हिस होती. लग्न, जत्रा, गणपती, निवडणूक, सगळीकडे त्यांचा कर्णा. दुकान बंद झालं तरी मालकांच्या मुलाने पेट्या टाकल्या नाहीत. त्यांच्याकडूनच ही दोन नगं मिळाली. कागदी पाकिटांना बुरशी, पण लेबलं शाबूत आणि मॅट्रिक्स नंबर (तबकडीवरच कोरलेला साच्याचा क्रमांक) भिंगाखाली स्वच्छ वाचता येतात.

नव्याने हे काम करणाऱ्यांसाठी लिहून ठेवते: ७८च्या तबकडीला स्पिरिट लावायचं नाही. ती लाखेची असते आणि लाख स्पिरिटात विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, आणि लेबलाला पाणी लागू द्यायचं नाही. सुईसुद्धा वेगळी लागते. ७८ची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद. एलपीची बारीक सुई घातली तर ती खाचेच्या तळाशी धुळीतून घासत जाते आणि मग लोक म्हणतात जुन्या रेकॉर्डी खरखरतातच. तीन मिलची (इंचाच्या तीन हजारांश भागाची) सुई बसवली आणि ढोलकीची शाई ऐकू आली.

घेतलं ते ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर. मूळ फाइलला हात लावायचा नाही, साफसफाई करायची ती प्रतीवर.

आता तबकडी आणि चित्रपट शेजारी ठेवून. पहिलं गाणं दोन्हीकडे एकच, ३ मिनिटं २० सेकंद. व्हीसीडीवर ते ३ मिनिटं १२ सेकंदांत संपत होतं, म्हणजे वेगाचा हिशेब बरोबर. तिसऱ्या गाण्याने मात्र खुश केलं. चित्रपटात त्याच्या आधी हलगीचा लांबलचक तुकडा आहे आणि मध्ये एक अख्खा अंतरा असा आहे जो तबकडीवर नाही. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन-साडेतीन मिनिटांच्या वर बसत नाही, म्हणून अंतरा गेला. घरोघरी पाठ झालेलं गाणं ते छाटलेलं. लाउडस्पीकरवाल्यांच्या मुलाला फोनवर तो अंतरा ऐकवला. ते म्हणाले, “आमच्या वडलांनी हे गाणं हजारदा लावलं असेल, हे कडवं घरात कधी वाजलंच नाही.”

२९ जून

क्रमांकांची पद्धत ठरली. हॉलिवूडमध्ये रिळाचा आकडा आणि त्या रिळातल्या संगीताचा आकडा जोडून क्रमांक देतात: तिसऱ्या रिळातली दुसरी जागा म्हणजे तीन-एम-दोन, एम म्हणजे म्युझिक. आम्ही मधला एम काढला, ३-२ एवढंच लिहितो.

पण व्हीसीडीवर रीळ कुठे संपतं हे कसं कळणार? प्रत प्रोजेक्टरवर चाललेल्या प्रिंटवरून केलीय, हे इथे कामी आलं. रीळ संपायच्या आठेक सेकंद आधी पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक गोल ठिपका क्षणभर चमकतो. प्रोजेक्टर चालवणाऱ्याला तो इशारा: दुसरं यंत्र सुरू कर. मग शेवटी आणखी एक ठिपका, तेव्हा पडदा दुसऱ्या यंत्राकडे. रिळाच्या टोकांना ओरखडेही जास्त असतात. हजार फुटांचं रीळ ११ मिनिटं चालतं, थिएटरात दोन-दोन जोडून लावत, म्हणजे बावीसेक मिनिटांनी ठिपका यायला हवा. बहुतेक ठिकाणी तो येतो. एका ठिकाणी सोळा मिनिटांतच आला. तिथे चित्रपट कापलेला आहे.

दुसरा पुरावा संगीतच देतं. रिळाच्या जोडावर वाजतं संगीत शक्यतो ठेवत नसत, आवाज उडी मारायचा म्हणून. या सोळा मिनिटांच्या रिळात एक क्लॅरिनेटचा तुकडा वाक्याच्या मध्येच तुटतो. संगीतकाराने तो तिथे तोडलेला नाही, कात्रीने तोडलाय.

हा तुटका तुकडा सोडून संगीताच्या एकूण ४३ जागा निघाल्या. त्यातल्या काही जेमतेम पाच-सहा सेकंदांच्या, दार उघडलं की एक सपाटा. सगळ्यात लांब बैलगाडीची शर्यत, चार मिनिटांच्या जवळ.

१३ जुलै

आजची नोंद मोठी होणार.

शिवाजी पेठेत क्लॅरिनेट वाजवणारे एक आजोबा आहेत, वय पंच्याऐंशीच्या पुढे. मिसरूड फुटायच्या वयात बँडमधून थेट स्टुडिओत गेलेले. या चित्रपटात त्यांनी वाजवलंय हे लाउडस्पीकरवाल्यांकडून कळलं. लॅपटॉप आणि छोटा स्पीकर घेऊन गेलो. ऐकताना त्यांचा उजवा हात मांडीवर मात्रा मोजत होता आणि डाव्या हाताची बोटं हवेत क्लॅरिनेटच्या भोकांवर पडत होती. पाच-सहा जागा त्यांनी सुरू होताच ओळखल्या. सातव्या रिळातली रात्रीची जागा लावली तेव्हा हात थांबला.

“ह्यो पीस आमचा न्हवं.”

“कशावरून, आजोबा?”

“ह्यात सेलो हाय की पोरी. आमच्याकडं सेलो कुठला? दोन व्हायलिन, पेटी, मी, आन ताल. मुंबैसनं आणलं आसंल रिळावर.”

पुन्हा लावलं. खरंच, खाली एक जाड तंतुवाद्य आहे आणि खोलीचा घुमारासुद्धा निराळा, मोठ्या हॉलचा. म्हणजे एकाच चित्रपटात दोन ठिकाणचं संगीत. दादाने तिथल्या तिथे ‘व्हर्टिगो’ या चित्रपटाचा विषय काढला. बर्नार्ड हर्मन यांचं ते संगीत लंडनमध्ये ध्वनिमुद्रित होत होतं, अमेरिकेतल्या वादकांच्या संपाला तिथल्या वादकांनी पाठिंबा दिला आणि उरलेलं काम व्हिएन्नात न्यावं लागलं. आमच्या चित्रपटात संप वगैरे काही नसणार, तयार तुकडा चिकटवला असेल. पण यादीत आता ‘कोल्हापूर’ आणि ‘बाहेरचं’ असा रकाना वाढला.

हलगीबद्दलही विचारलं, कारण शर्यतीत ती लांबून येते.

“हलगीवाल्याला दाराभाईर बसवायचे. आत वाजीवली की मीटरचा काटा पार टोकाला. मग दार किती उघडायचं ते साहेब सांगायचे. पडद्यावर गाडी जवळ आली की दार उघडायचं.”

शर्यत परत ऐकली. हलगी खरंच हळूहळू जवळ येते. आवाज कमी-जास्त करायचं बटण होतं ते ते दार. ही एक गोष्ट कळावी म्हणून एवढी नोंदवही लिहिली असती तरी चाललं असतं, असं मला मनापासून वाटतं.

आणि मग वही. आजोबांनी ट्रंकेतून लाल कापडी बांधणीची वही काढली. त्यात त्यांच्या हातची क्लॅरिनेटची नोटेशनं, सारेगमात, प्रत्येकाला नाव: ‘गाडी पळती’, ‘पाटील येतो’, ‘वाड्यात रात’, ‘म्हातारी’. परदेशी सीडींवर तुकड्यांना जी नावं असतात, कधी संगीतकाराने दिलेली, कधी निर्मात्याने मागाहून ठरवलेली, ती वाचायला मला आवडतातच. इथे नावं वादकांनी दिलीत, वाजवता वाजवता ओळखू यावीत म्हणून. आमच्या यादीत हीच राहणार.

वहीत ‘म्हातारी’ आहे, पण व्हीसीडीवर कुठेच नाही.

१९ जुलै

‘म्हातारी’चा शोध. नोटेशनचा पहिला अर्धा भाग सोळा मिनिटांच्या त्या रिळातल्या तुटक्या क्लॅरिनेटशी सुरासूर जुळतो. म्हणजे तुकडा वापरला होता, प्रसंगच कापला गेला. निर्मात्याने कापला की पुढे कुण्या वितरकाने, हे प्रिंटवरून सांगता येणार नाही. दुसरी प्रिंट कुठे मिळते का पाहायला पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला पत्र पाठवलं.

न वापरलेलं संगीत जपायचं तरी कशाला, असं घरी विचारतात. त्याचं उत्तर मला ‘स्टार ट्रेक: द मोशन पिक्चर’ने दिलंय. जेरी गोल्डस्मिथ यांनी १९७९ साली त्या चित्रपटाच्या सुरुवातीच्या प्रसंगांसाठी संगीत करून, वाजवूनही दाखवलं. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज यांना त्यात ठसठशीत अशी मुख्य धून सापडेना. मग नवी धून झाली, तीच आज सगळ्यांना माहीत आहे. नाकारलेली रूपं २०१२च्या तीन सीडींच्या आवृत्तीत आहेत. दोन्ही एकापाठोपाठ ऐकली की संगीतकार काय शोधत होता ते ऐकू येतं. नुसत्या अंतिम रूपावरून ते कधीच कळलं नसतं.

८ ऑगस्ट

गेल्या वर्षी आजच्याच रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं पॅलेस थिएटर. खासबागेकडच्या आकाशातला उजेड या गावात कुणी विसरलेलं नाही. प्रभातच्या जुन्या नायट्रेट फिल्मांचं तेच झालं, ८ जानेवारी २००३ला पुण्यात, प्रभातचा स्टुडिओ नंतर जिथे गेला त्याच आवारातल्या गोदामात. आज वहीचं पान न् पान स्कॅन केलं. तीन प्रती, तीन घरांत.

२४ ऑगस्ट

हक्क. कायद्याप्रमाणे चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांना प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं संरक्षण. त्या हिशेबाने १९५०च्या दशकातला चित्रपट आणि त्याच्या तबकड्या दोन्ही मोकळ्या. पण गीतांचे शब्द आणि चाली यांचा हिशेब वेगळा: गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे आवाज मोकळा आणि चाल अजून बांधलेली, अशी स्थिती असू शकते. यादी प्रसिद्ध करायला अडचण नाही, आवाज सर्वांसाठी ठेवायचा तर संगीतकाराच्या वारसांची परवानगी हवी. त्यांच्या घरच्यांशी बोलणं झालं. मुलगी म्हणाली, “बाबांनी गाण्यांच्या मधलं पण केलं होतं, हे कुणी विचारतच नाही.” परवानगीचा मसुदा पाठवलाय.

७ सप्टेंबर

मिरवणूक संपली. गल्लीत सकाळपर्यंत ध्वनियंत्रणा होती, त्यामुळे आठवडाभर ऐकण्याचं काम झालं नाही. तेवढ्यात कागदकाम उरकलं.

२१ सप्टेंबर

दादाकडे श्रवणाची बैठक. दहा-बारा माणसं, त्यात पेठेतल्या ब्रास बँडची दोन तरुण पोरंही. आधी ‘जॉज’मधला एकच प्रसंग, एलपीचा आणि चित्रपटाचा, पाठोपाठ. मग आमची बैलगाडी, दाराच्या गोष्टीसह. टाळ्या कशाला मिळाल्या ते सांगायला नको.

त्यानंतर क्रमावरून जुंपली. हा वाद जगभरातल्या संग्राहकांत चालतो. दादाचं म्हणणं, पाच-सहा सेकंदांचे तुकडे सुटे ठेवले तर ऐकणाऱ्याची तंद्री तुटते, म्हणून एका रिळातले सगळे जोडून एकच करावा. बरेच निर्माते असं करतात आणि त्यात चूक नाही. मला ते आमच्यासाठी पटत नाही. आमच्याकडे मूळ टेपच नाही. जे आहे ते संवादांखालून, पावलांखालून, बैलांच्या घुंगरांखालून काढलेलं. ते गुळगुळीत जोडलं की उद्या कुणाला वाटेल संगीतकारानेच तसं बांधलं होतं. सुटं ठेवलं तर प्रत्येक तुकड्याची जागा दिसते.

शेवटी ठरलं ते असं. आधी चित्रपटाच्या क्रमाने ४३ जागा, सुट्या. मग तबकडीवरची चार गाणी जशीच्या तशी, छाटलेलीच, कारण लोकांच्या आठवणीत तीच आहेत आणि ‘जॉज’च्या आवृत्तीतही जुनी एलपी फेकून दिलेली नाही. मग तिसऱ्या गाण्याचं चित्रपटातलं पूर्ण रूप. सगळ्यात शेवटी ‘म्हातारी’.

दुसरा वाद आवाज साफ करण्याचा. एकाने खरखर पार काढून आणली होती. त्याबरोबर पेटीच्या भात्याचा श्वासही गेला होता. टकटक काढायची, सततची सळसळ राहू द्यायची, हा निर्णय माझा आणि त्यावर मी ठाम आहे. त्या काळच्या ऑप्टिकल ट्रॅकवर (फिल्मच्या कडेला प्रकाशाने उमटवलेल्या आवाजाच्या पट्टीवर) वरचे सूर मुळात थोडेच उतरत. उरलेत त्यांना हात लावायचा नाही.

१२ ऑक्टोबर

ब्रास बँडमधल्या मुलाने ‘म्हातारी’ वाजवली, आजोबांच्या खोलीत, त्यांच्यासमोर. पहिल्या वेळी त्याने ओळ बँडच्या सवयीने ठाशीव फुंकली. आजोबांनी थांबवलं.

“मिरवणूक न्हवं ही. म्हातारी दारात बसलीय, ल्योक येतोय का बघतीय. गंधार धरून ठेव, पर सोडू नगंस.”

दुसऱ्या खेपेला त्याने गंधार इतका धरला की पुढचा मध्यम यायलाच नको वाटला. तो टेक घेतला. यादीत त्यापुढे ठळक लिहिलंय: २०२५चं नवं वादन, मूळ वादकाच्या नोटेशनवरून, मूळ ध्वनिमुद्रण पूर्ण उपलब्ध नाही. नवं ते जुनं म्हणून खपवलं जाऊ नये यासाठी फाइलच्या नावातही तेच.

पुण्याहून उत्तर आलं. त्यांच्या सूचीत या चित्रपटाची एक प्रिंट दिसते, अवस्था तपासून कळवतील. त्यातलं ते रीळ बावीस मिनिटांचं निघालं तर ‘म्हातारी’ची जागा चित्रपटात भरता येईल आणि एकूण आकडा ४४ होईल. यादीत त्या क्रमांकाची ओळ रिकामी सोडलीय.

संगीतकाराच्या मुलीने मसुदा सही करून परत पाठवला. एक अट घातलीय: श्रेयात वादकांची नावं वडिलांच्या नावाएवढ्याच अक्षरांत हवीत. आजोबांना आठवणारी नावं वहीच्या मागच्या पानावर आहेत. हलगीवाल्याचं नाव तिथे नाही. पुढच्या रविवारी त्यांच्या तालमीत जाऊन विचारायचं आहे.